भावोजींची सीलबंद गिटार

उरणच्या किनाऱ्यावर समुद्रसुद्धा भरती आणि ओहोटीच्या मध्ये घटकाभर टेकतो. आमचे भावोजी टेकत नाहीत. माझ्या थोरल्या बहिणीचं त्यांच्याशी लग्न होऊन तीस वर्षं व्हायला आली, पण त्यांना पुरतं बसलेलं मी पाहिलं नव्हतं. जेवतानाही एक गुडघा वर. न जाणो, उठावं लागलं तर! लग्नाच्या फोटोत ताई एकटीच स्पष्ट आली आहे, शेजारी भावोजींच्या जागी नुसता पांढरा धूर. वाडवडिलांची मिठागरं गेली, भावोजींनी कंटेनर ओढणारे ट्रेलर घेतले, आणि तेव्हापासून त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू उरल्या: बांधलेला माल आणि सुटा माल. ताईच्या लोणच्याच्या बरण्यासुद्धा त्यांनी ट्रेलरच्या पट्ट्यांनी फडताळाला आवळून टाकल्या. फोड हवी असली की ताई आधी ड्रायव्हरला हाक मारते.

अशा माणसाच्या हातात गिटार आली ती ट्रेलरच्या रांगेमुळे. बंदराबाहेर गाड्या दोन-दोन दिवस खोळंबत. निदान बोटं तरी चालू राहावीत म्हणून एका गोव्याकडच्या ड्रायव्हरनं ती त्यांना शिकवली. भावोजींची आई धवलारीण होती, म्हणजे आमच्या आगरी लग्नात भटजीच्याही आधी जिचा आवाज लागतो ती बाई. म्हातारीनं धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, धरला की खाडीपलीकडच्या गावातली नवरी इकडच्या मांडवात रडायला यायची, असं सांगतात. मी पुढे जाऊन सांगतो की नवरदेवही यायचा. ती गेल्यावर भावोजींनी तिची चाल तारांवर उतरवली. पण स्वतः कधी तोंड उघडलं नाही. "गला आयशीचा व्हता, तो तिच्यासंगं गेला," एवढंच म्हणायचे.

मग माझ्या भाचीचं लग्न ठरलं. मुलगा डेहराडूनकडचा, लग्न त्यांच्या डोंगरातल्या गावी. भाचीनं फोनवर बापाला बजावलं, "बाबा, आजीचा धवला वाजल्याबिगर मी हळद लावून घेणार न्हाय, सांगून ठेवते!" आजी नव्हती. गिटार होती. आता ती विमानानं न्यायची होती.

भावोजींनी अकरा दिवस माल भरला. सागवानी पेटी करून घेतली, कडेनं लोखंडी पट्ट्या मारल्या, आत तीन गोधड्या ठासल्या. आणि निघायच्या सकाळी कडीत कंटेनरचं सील ठोकलं. बोटाएवढं जाड, नंबरवालं, जे एकदा बसलं की फक्त कटरनं तुटतं.

"भावोजी, सील कशाला? कुलूप लावा की!"

"कुलूप चोरासाठी असतं रं. सील मालासाठी असतं. ज्याच्या नावाचा माल, त्यानंच तोडायचं. पोरीच्या नावाचा हाय, पोर तोडंल."

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं पेटीकडे बघून विचारलं, "सर, आत कोण आहे?" गिटार आहे म्हटल्यावर तिनं काच फुटल्याच्या चित्राचा लाल कागद चिकटवला. भावोजी कळवळले. "बाय गो, हा कागद बघून हमाल आणखी लांबून फेकतो! माल आवळायचं लॅशिंग कोण करतो तुमच्याकडं? मना त्याच्याशी बोलू दे." पेटी पट्ट्यावरून आत गेली तेव्हा ते तिच्यामागे निम्मे आत गेले होते. मी त्यांना पायाला धरून ओढलं.

पुढे तपासणीत त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीतून दीड हात लांब कटर निघाला. सील तोडायला तो लागणार, आणि असली हत्यारं हातातच बरी, असा त्यांचा हिशेब. तपासणीवाल्या साहेबानं एकदा कटरकडे, एकदा भावोजींच्या भाबड्या तोंडाकडे बघितलं आणि कटर ठेवून घेतला. "नीट ठेवा हां साहेब, येताना नेतो," भावोजी म्हणाले.

विमानात खिडकीतून त्यांना पेटी वर चढताना दिसली. झालं! पट्टा सोडून उभे राहिले आणि काचेवर थापा मारत ओरडले, "येऊं दे, येऊं दे, उजवीकडं काट... बाऽऽस!" हवाई सुंदरी धावत आली. "बाई, दोन मिन्टं. माल चढतोय." माझी शपथ, वैमानिकसुद्धा त्या आरोळीनं दोन वीत मागे आला असेल.

पेटी सुखरूप पोचली. ओरखडा नाही. डेहराडूनहून वर डोंगरात दोन तासांची वाट, आणि हळदीच्या वेळेला भावोजींनी पिशवीत हात घातला तेव्हा त्यांना कटर आठवला. गावात दुकान नव्हतं. नवरदेवाच्या काकांनी पक्कड आणली, कोयता आणला, शेवटी दगड आणला. "समधीजी, इसमें गिटार है या खजाना?" पेटी फोडावी तर आतली गिटार जाणार. सील हसत होतं. भाची पाटावर, ओंजळ मिटून बसलेली; हळदीची वाटी सुकायला लागली होती.

भावोजींनी तीन फेऱ्या मारल्या. मग ते खाली बसले. दोन्ही गुडघे टेकवून, मांडी घालून, पेटी मांडीवर घेऊन. ताईनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. त्यांनी पेटीवर बोटांनी ठेका धरला आणि गायला लागले. पहिली ओळ फाटली. दुसरी घशात अडकली. तिसरीला म्हातारी आली. तीच, खाडीच्या वाऱ्यानं खरवडलेली. ज्यांना मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं त्या बायकाही पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या. भाचीनं ओंजळ उघडली.

दुसऱ्या दिवशी नवरदेवानं शहरातून कटर मागवला. भाची तेव्हा पाठवणीच्या गडबडीत होती. भावोजींनी तो हातात घेतला, तोलला, परत दिला. "ऱ्हाऊं दे. घरी येईल तेव्हा तोडंल."

आज पेटी उरणच्या घरात कपाटावर आहे, अर्थात पट्टीनं आवळून. दाराशी नवा कटर टांगलाय. खाऱ्या हवेत गंज लवकर धरतो, म्हणून भावोजी दर दोन-चार दिवसांनी त्याला तेल लावतात. आणि तेल लावताना, ताई म्हणते, ते हल्ली बसतात. दाराकडे तोंड करून.