वशिंड बसवल्यावर

पोळ्याच्या दिवशी चिखलीत ओढ्यावर बैल धुणं चाललं होतं, तेव्हा निजामी हद्दीतून, जाफराबादकडून, एक ओळखीचा शेतकरी आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "तुमची आक्का गेली. ताप व्हता." तापानं गेली, असं सगळेच म्हणतात. मी म्हणत नाही. निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांच्या धाकानं रस्ता बंद होता. तिला वैद्याकडं न्यायला गाडी जुंपायची एकाची छाती झाली नाही. माझी बहीण त्या धाकानं मारली. निजामाविरुद्ध मी वाटायचो त्या पत्रकात लिहिलं असतं तसंच इथं लिहितो.

आठवडाभर आधी मी तिच्या पोरींना, गोदाला आणि धाकट्या पारूला, आडवाटेनं हद्दीपलीकडं माझ्याकडं आणायला गेल्तो. अंथरुणावरच्या सासूला टाकून ती स्वतः येईना. भर दुपारी दाराला कडी, आणि ही पोरींना घेऊन पोळ्याचे मातीचे बैल करत बसलेली. आमच्यात ते कुंभाराकडून आणत नाहीत. आईनं लेकीला शिकवायचे, असंच चालत आलंय.

"आक्का, जल्दी आटप. निघायचं सोडून चिखल काय कालवून राह्यली?"

"तू कागदं वाटून राह्यला, मी काही म्हणले का? कोणी वाचतंय बी का न्हाई, काय ठावं." तिनं मान वर केली नाही. "आज पोरी जातेत. मंग यांना कोण शिकवंल? तू?"

पाय झाले, पोट झालं, मान झाली. तिनं पाठीवर वशिंडाचा गोळा बसवला, तोच बाहेर घोड्यांच्या टापा वाजल्या. तिचे हात जागीच थांबले. पोरींचेही. ओला बैल तळहातावर धरून तिघी दाराकडं बघत राहिल्या... टापा लांब गेल्या, तेव्हा तिनं शिंगं ओढली, ज्वारीच्या दाण्यांचे डोळे बसवले. "आता तुमचं तुम्ही करा," म्हणाली.

आता निजामाची राजवट गेली. मी सभांतून लोकांना सांगत फिरतो, भिऊ नका. परवा घरी आलो, तर पोळा कधीच होऊन गेलेला आणि गोदा पारूला बैल करायला शिकवत बसलेली. मी काही विचारणार, तेवढ्यात तिनं डोळे वटारले.

"मामा, गप. वशिंड बसवलं की थांबायचं असतंय. आधी आइकायचं, मंग शिंगं."

पारूनं शहाण्यासारखी मान हलवली. ओला बैल तळहातावर घेऊन दोघी दाराकडं बघू लागल्या... दार सताड उघडं होतं. हे थांबणं बैल करण्यातलं नाही, असं त्यांना सांगायला मी तोंड उघडलं. पण मीही ऐकत उभा राहिलो.