ज्याला पन्हं गरम पडायचं

ताट समोर आलं की तो आधी ते उचलून नाकाशी न्यायचा. वास घ्यायचा, करंगळीनं भाजी दाबून पाहायचा आणि म्हणायचा, "याच्यात का हाय?" मग त्यातलं काहीएक न ठेवता सगळं खायचा.

आणि खायचा कसा! मचमच, फुर्रफुर्र, शेवटी एकेक बोट चोखून काढल्याचा आवाज. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेलच, ज्याच्या शेजारी डबा उघडला की आपली भूक मरते. आमच्या चंद्रपूरच्या सरकारी ऑफिसात हा होता, आणि माझं नशीब असं की त्याचं टेबल बरोबर माझ्या समोर.

गाव त्याचं एटापल्लीच्या आत, सूरजागडच्या डोंगरांपलीकडे. माडियांची काही घरं आणि भोवती जंगल. आश्रमशाळेत शिकला, नोकरी लागली, चंद्रपूरला घर बांधलं, आणि तेव्हापासून गावाकडचं काही त्याला खाण्यासारखं वाटेनासं झालं. मी वरोऱ्याचा. कापूस-सोयाबीनच्या बाजारात वाढलेला. जंगल काय काय खाऊ घालतं ते मला चंद्रपूरला आल्यावर कळलं. पावसाळ्यात बाया बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, घेऊन रस्त्याकडेला बसतात. सात्या नावाची इवलीशी अळंबी पळसाच्या पानावर वाटे लावून विकतात. मी तर वेडाच झालो. डब्यात वास्त्याची भाजी नेली की हा मान लांब करून पाहायचा.

"हे आमी गरिबीत खाल्लं. तुमी पैसे देऊन खाता?"

असं म्हणून अर्धी भाजी आपल्या डब्याच्या झाकणात ओढून घ्यायचा.

त्याची स्वतःची आवड विचाराल, तर ऑफिससमोरच्या गाडीवरचं लालभडक मंचुरियन. तर्री पोह्यावर तो टोमॅटो सॉस ओतायचा. तर्रीवर सॉस! पोहेवाला तोंड फिरवून उभा राहायचा. इतक्या वर्षांत त्यानं मनापासून केलेली स्तुती मी एकदाच ऐकली, तीही घुग्घुसच्या एका ढाब्यावर, जिथं पनीरची प्लेट टेबलावर येईपर्यंत तिच्यावर कोळशाची धूळ बसते. "याले म्हनते खानं," तो म्हणाला. मी पाणी पिऊन उठलो.

चौदा एप्रिलला आमच्या घरी जेवण असतं. एका वर्षी मी ऑफिसातल्या सगळ्यांना बोलावलं. आई पहाटेपासून पाटोड्या थापत होती. पाटोडीचा रस्सा ही आईची खरी कमाई. वरोऱ्यात लग्नघरची माणसं तिला खास रश्शासाठी बोलवायला यायची. यानं वाटी नाकाशी नेली. "याच्यात का हाय? बेसनच त हाय." आणि पुन्हा पुन्हा वाटी पुढे करत राहिला. आई बिचारी, "आनखी वाढू का, भाऊ?" एवढंच म्हणत होती. ते मी विसरलेलो नाही आणि विसरायचा विचारही नाही.

त्याच जेवणात आईनं कैरीचं पन्हं दिलं, तर यानं ग्लास लांब सरकवला.

"नको बाई. मले गरम पडते."

बाहेर चंद्रपूरचं ऊन, रस्त्यावर कुत्रंही नाही, आणि ह्याला पन्हं गरम पडतं! सगळे हसले. पण पुढे माझ्या लक्षात येत गेलं की उन्हाळा लागला की हा माणूस कैरीला, चटणीला, नव्या लोणच्याला, कशालाच शिवत नाही. दुसऱ्याच्या डब्यातलं सुकं खोबरंही न सोडणारा माणूस कैरीच्या फोडीसमोर हात आखडून बसायचा. खोटारडेपणा, दुसरं काय, असं मी धरून चाललो. त्याच्याबद्दल वाईट धरून चालायला मला फार कष्ट पडत नसत.

ऑफिसचा फोन माझ्या टेबलावर असे. दर उन्हाळ्यात एकदा त्यावर एक म्हातारा आवाज यायचा, "लहान्याले द्या." पन्नाशी ओलांडलेला, टक्कल पडलेला हा बाप्या म्हणजे लहाना! फोनवर त्याचा मोठा भाऊ असायचा, एटापल्लीला येऊन फोन करायचा. हा धावत यायचा आणि माडियात बोलायचा. एरवी त्या भाषेतला एक शब्द त्याच्या तोंडून निघत नसे. दोन-चार वाक्यं झाली की रिसीव्हर ठेवून थेट बाजारात, आणि परत यायचा तो पिशवीभर आंबे घेऊन. मग कोपरापर्यंत रस, तोंडात कोय आणि तो आवाज. बाया उठून व्हरांड्यात जाऊन उभ्या राहायच्या.

एकदा तो रजेवर असताना फोन आला.

"त्याले सांगजा, पंडुम झाला. आता आंबा खाय म्हना."

"म्हणजे काय, दादा?"

"गावात आंब्याची पूजा होत नाई तोवर कोनी आंबा तोंडात घालत नाई. कैरी बी नाई. झाली आता. तो तिथी वाट पाहून राह्यला असन."

मी ही बातमी अर्थातच सगळ्या ऑफिसला सांगितली. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या टेबलावर रोज कोणी ना कोणी तिखट-मीठ लावलेली कैरी ठेवायचा. तो फाईल उघडायचा आणि फाईलच्या कोपऱ्यानं ती बाजूला सरकवायचा. मी एकदा विचारलंच, "गावाला तर तुम्ही एवढी नावं ठेवता. इथं कोण पाहतंय तुम्हाला?"

"पाह्याचं का हाय त्याच्यात?" तो चिडून म्हणाला. "गावानं खाल्ला नाई, त मी कसा खाऊ?"

मग एका हिवाळ्यात त्याचा भाऊ गेला. हा गावी जाऊन आला, आणि आल्यावर कँटीनमध्ये मोठ्या ऐटीत सांगू लागला, "पुतण्यायले म्हटलं, अजून आंबीलच पेता का रे? जगात कुठी हाय तुमी? या माह्याकडं, पनीर खाऊ घालतो." भावाच्या मातीला गेलेला माणूस तिथंही ताटाला नाक लावून आला होता. त्या पोरांची तोंडं कशी झाली असतील ते माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी समोसा तसाच ठेवून उठलो.

उन्हाळा आला. फोन आला नाही.

सुरुवातीला तो नुसता माझ्या टेबलाकडे पाहायचा. मग कारणं काढून यायला लागला. "फोन चालू हाय ना? उचलून पाहा बरं." मी उचलून त्याच्या कानाला लावायचो. बाजारात आंब्यांचे ढीग लागले, भाव पडले, तरी हा कोरडाच. मला त्याची कीव येऊ लागली, आणि कीव येते याचाही मला राग आला.

"अहो, तुम्हीच लावा ना पुतण्याला फोन. विचारा, झाला का पंडुम."

त्यानं फोनवरचा रिसीव्हर नीट बसवला.

"इचारून खाल्ला जात नाई," तो म्हणाला. "त्याईनं सांगाव लागते. ज्याले सांगतेत तो गावाचा."

त्याच पावसाळ्याच्या तोंडावर तो निवृत्त झाला. निरोपाच्या जेवणात कोण्या अकलेच्या कांद्यानं आमरस-पुरीचा बेत ठेवला. सत्काराची शाल अंगावर घेऊन तो बसला. रसाची वाटी नाकाशी नेली, या वेळी जरा जास्त वेळ. मग खाली ठेवून तिच्यावर एक पुरी झाकली. बाकीचं सगळं जेवला, आवाज करत. त्या दिवशी आमच्यापैकी कोणाच्या घशाखाली रस उतरला नाही असं लिहिलं तर छान दिसेल, पण ते खोटं होईल. सगळ्यांनी ओरपला. मीही ओरपला.

तो नागपूरला मुलाकडे राहायला गेला. समोरच्या टेबलावर एक सभ्य बाई आल्या, ज्या तोंड मिटून जेवतात.

पुढच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, ऑफिसचा फोन वाजला. आवाज तरुण होता.

"काकाले द्या ना जी. पंडुम झाला म्हना."

"ते निवृत्त झाले. मागच्या वर्षी का नाही केलास फोन?"

"आमाले वाटलं, काका आता हे मानत नसन. आमच्याइथचं त्याले काईच आवडत नाई." पोरगा घुटमळला. "आई म्हने, तरी सांगून पाह्य. तुमी सांगसान ना?"

खरं सांगतो, एक क्षण मनात आलं, नाही सांगत जा. आईच्या पाटोड्या डोळ्यांसमोर आल्या. मग मी नागपूरला फोन लावला.

"पंडुम झाला," मी म्हणालो.

"कोन म्हनते?"

"तुमच्या पुतण्याचा फोन होता. काकाले सांगा म्हणाला."

"त्यानं केला? सोताहून?"

"स्वतःहून."

फोन कुठंतरी टेकवल्याचा आवाज झाला, पण बंद झाला नाही. लांबून त्याची हाक ऐकू आली, "सूनबाई, आंबे कुठी ठेवले वो?" भांडी वाजली, नळ सुटला. आणि मग तो आवाज सुरू झाला. मचमच, फुर्रफुर्र, कोय चोखल्याचा, मध्येच नाक ओढल्याचा, पुन्हा चोखल्याचा. एक उन्हाळा पूर्ण कोरडा गेलेला माणूस खात होता. त्या आवाजानं मी वर्षानुवर्षं भुकेला मुकलो होतो. समोरच्या बाई खुणेनं विचारत होत्या, कोण आहे? मी हात वर करून त्यांना थांबवलं आणि रिसीव्हर कानाला घट्ट धरून बसलो.

बऱ्याच वेळानं तो फोनवर आला.

"नागपूरचा आंबा," तो म्हणाला, "याच्यात का हाय?"