खरं तेवढंच इंग्रजीत

करुणाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. त्यांची भाची सुनीता बोलत होती. "लीलाताई, मावशी गेली. पहाटे, झोपेतच." मी "बरं" म्हणाले. आता हे काय उत्तर झालं? पण तोंडातून तेवढंच आलं, आणि मग जुडी संपेपर्यंत मी निवडतच राहिले... गुडघ्यांमुळं दफनाला जाणं जमलं नाही. केडगावला त्यांच्या खोलीवर गेले ती परवा, तीनेक आठवड्यांनी. तेव्हापासून वाटतंय, बाईंबद्दल कुणाला तरी सांगावं.

बाई आमच्या पुणतांब्याला बदलीनं आल्या, शाळेत इंग्रजी शिकवायला. बहात्तरच्या दुष्काळाच्या सुमाराची गोष्ट. घराणं नगरचं, ख्रिस्ती. बोलणं अगदी स्वच्छ आणि हळू, जणू प्रत्येक शब्द धुऊन, पुसून समोर ठेवतायत. मी तेव्हा ना नवी सून, ना जुनी. शाळा लग्नाआधीच सुटलेली. पण गावच्या वाचनालयात पुस्तकं देणाऱ्या बाईची जागा निघणार होती आणि तिला मॅट्रिक लागत होती. वाचनालयाची मंडळी म्हणाली, "निकालापर्यंत जागा ठेवतो, पुढं नाही." बाकीचे विषय मी वाचून काढले असते हो, पण इंग्रजी कोण वाचून दाखवणार? आमच्या ह्यांना विचारलं तर म्हणाले, "आईला विचार." सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या म्हणाल्या, "घरातलं उरकून कुठं बी जा." मग मी गेले.

शाळा सुटल्यावर तिथल्याच ओसरीवर बाई आम्हा पाच-सहा बायकांना शिकवायच्या, फुकट. बाहेरून परीक्षेला बसणाऱ्या, कुणी माहेरी परतलेली, कुणी माझ्यासारखी. हजेरी मात्र वेगळीच. पायरीवर थांबायचं, घरून काय काम करून आलो ते इंग्रजीत सांगायचं आणि मगच वर यायचं. "आय हॅव स्वेप्ट द यार्ड." मी अंगण झाडलंय. बाई समजवायच्या, "काल झाडलं, त्यावर आज पाला पडला, तर ते 'आय स्वेप्ट'. संपली गोष्ट. पण 'हॅव' लावलंत तर झाडलेलं अंगण आत्ता तिथं असलं पाहिजे. कुणी जाऊन बघितलं तर दिसलं पाहिजे." आणि या बाबतीत त्या फार कडक होत्या. खोटं वाक्य व्याकरणात कितीही बरोबर असो, चालायचं नाही. एकदा यमुनानं ऐटीत सांगितलं, कपडे धुतलेत.

"वाळत घातलेस?"

"न्हाई बाई, भिजवून आले."

"मग भिजवून आले म्हण. सोक्ड."

यमुना परत खाली उतरली आणि 'सोक्ड' म्हणून वर आली. तिला आम्ही पुढं किती दिवस सोक्डच म्हणत होतो. तिच्या नवऱ्याला वाटायचं, बाईंनी मोठी पदवी दिलीय.

दुसरी अडचण 'आय'ची. आमच्या घरात 'मी केलं' म्हणायची पद्धतच नव्हती. भाकरी झाल्या, पाणी भरलं, पोरं जेवली. सगळं आपोआप झाल्यासारखं. आम्ही जिथं तिथं 'वुई' म्हणायचो. बाई ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आम्ही नको. तू काय केलंस?" पहिले कितीतरी दिवस त्यांनी 'आय' सोडून दुसरा कर्ताच शिकवला नाही. मला आधी लाज वाटायची. मग सवय झाली. मग, खरं सांगते, गोड वाटायला लागलं. नदीत तेव्हा नुसती वाळू, झिरा उकरून वाटी वाटीनं पाणी भरावं लागायचं. ते डोक्यावरून आणून, हंडा ठेवून, पदरानं तोंड पुसत शाळेत जायचं आणि 'आय हॅव ब्रॉट वॉटर' म्हणायचं... त्या वेळी मला ते पाणी पहिल्यांदा माझं वाटलं.

परीक्षा जवळ आली आणि शेजारणीनं आत्याबाईंच्या कानावर घातलं, तुमची सून तिथं पायरीवर उभी राहून घरची कामं मोजून दाखवती, आणि ते बी इंग्रजीत. झालं. "घरातलं गाऱ्हानं गावाला सांगती व्हय? उद्यापासून बंद." मी रडले, विनवण्या केल्या. ह्यांनी चपला घातल्या आणि शेताकडं गेले. चार दिवस मी वर्गाला फिरकले नाही म्हटल्यावर बाई स्वतः घरी आल्या. कडक उन्हातून, छत्री घेऊन. आत्याबाईंनी पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली आणि सरळ विचारलं, "काय बोलती ही तिथं? आमच्याम्होरं बोलू द्या."

बाई म्हणाल्या, "लीला, हजेरी दे."

मी दाराच्या चौकटीला धरून बोलायला लागले, आणि बाई एकेक वाक्य मराठीत सांगायला लागल्या. तिनं अंगण झाडलंय. आत्याबाईंनी मान वळवून अंगण बघितलं. तिनं गोठा साफ केलाय. आत्याबाई उठल्या, गोठ्यात डोकावून आल्या, बसल्या. पाणी आणलंय. हंड्यावरचं झाकण उचललं गेलं. मला वाटलं, संपलं आता, कशात तरी खोट निघणार. खोट निघाली नाही. पण आत्याबाईंचा चेहरा काही सैल होईना.

"आन भाकरी?" त्या म्हणाल्या.

मी बाईंकडं बघितलं.

"भाकरी कुनी थापल्या ते न्हाई सांगितलं हिनं. लई कामं सांगितली. रेशनच्या मिलोची भाकरी थापून दावा म्हनावं एकीनं तरी गावात."

खरं होतं. त्या तांबड्या परदेशी ज्वारीचं, मिलोचं, पीठ कितीही मळा, थापायला घेतलं की चिरफळ्या व्हायच्या. आमच्या आळीत आत्याबाईंच्याच हातची भाकरी तव्यावर अख्खी पडायची. मी काही बोलायच्या आत बाई म्हणाल्या, "तिनं थापल्या नाहीत, म्हणून तिनं सांगितलं नाही. न केलेलं सांगायचं नाही, असा आमच्याकडं नियम आहे."

"मग मी केलेलं कोन सांगनार?"

बाई म्हणाल्या, "ते राहिलंच होतं माझं शिकवायचं. लीला, म्हण. माय मदर-इन-लॉ हॅज मेड द भाकरीज."

मी म्हटलं. आत्याबाईंनी अर्थ विचारला, बाईंनी सांगितला. "पुन्हा म्हन," त्या म्हणाल्या. मी पुन्हा म्हटलं. तेवढ्यात शेजारीण कुडावरून डोकावली, तर तिला ऐकू जाईल अशा आवाजात आत्याबाई म्हणाल्या, "बाईसाहेब, हिला उद्यापासून येऊ द्या. पर पायरीवर हे वाक्य पयलं."

तेव्हापासून माझी हजेरी भाकरीपासून सुरू झाली. कधी त्यांनी फक्त चटणी वाटलेली असली की निघताना मागून आवाज यायचा, "आज चटनी सांग गं." मग 'हॅड' शिकलो, टँकर गावात येण्याआधी झिरा आटला होता, तसल्या वाक्यांनी. मग 'विल हॅव'. तिथं मी अडले. म्हटलं, बाई, हे तर अजून झालेलंच नाही, मग ते खरं कसं? बाई म्हणाल्या, "त्यात मुदत सांगायची असते. मुदत येईपर्यंत ते खरं करणं तुझ्याकडं." मी म्हटलं, निकाल लागेल तोवर मी इंग्रजीत पास झालेली असेन. बाईंनी नुसती मान हलवली, शाबासकी दिली नाही.

पास झाले. काठावर, पण झाले. वाचनालयाच्या कपाटांच्या किल्ल्या मिळाल्या आणि पुढचं सगळं शिक्षण त्या कपाटांतूनच झालं. बाईंची बदली झाली, मग निवृत्ती, मग केडगाव. मी जायची अधूनमधून. व्याकरण कधी निघायचं नाही. गुडघे, मुलं, भाव, पुस्तकं.

परवा गेले तेव्हा सुनीता खोली आवरत होती. पलंगावरची चादर काढलेली, खिडकी उघडी, भिंतीवर येशूची तसबीर आणि खाली त्यांची वेताची खुर्ची. मला खुर्चीत बसवेना, मी पलंगावर टेकले. सुनीता म्हणाली, "ताई, चहा टाकते." तिच्या हाताला धूळ लागलेली, सकाळपासून राबत असणार. आपण म्हणतो तसं मी म्हणून गेले, "नको गं, चहा घेऊनच आलेय."

ती पुन्हा कपाटाकडं वळली. मी त्या रिकाम्या खुर्चीकडं बघत बसले. आणि वाटलं, आता बाई विचारतील, कुठं घेतलास? कुणाकडं?

"सुनीता," मी म्हटलं, "नाही गं घेतलेला. टाक चहा."