बोअरचं पाणी मऊ केलं तेव्हा

एका सकाळी नळाच्या तोंडावरचा पांढरा थर मी नखाने खरवडला, तर खालून हिरवट, लिबलिबीत काहीतरी निघालं. मला शिसारी आली. बोअरचं हेच पाणी आम्ही रोज अंगावर घेत होतो. बायकोचे केस राठ झाले होते, बादल्या कितीही घासल्या तरी कळकट दिसायच्या. शेवटी पाणी मऊ करणारं यंत्र बसवलं.

साबणाला भरपूर फेस येऊ लागला, नळ लखलखले. अंघोळीनंतर अंग मात्र बुळबुळीत वाटायचं, तेवढं मी चालवून घेतलं. यंत्राला मीठ घालावं लागे आणि ते दर चार दिवसांनी खारं पाणी मागच्या पाइपातून बाहेर टाकी.

महिन्याभराने तळमजल्यावरच्या कुसुमताई मला खाली घेऊन गेल्या. पाइपाखालचा त्यांचा कढीलिंब करपला होता. मातीवर मिठाची पापडी धरली होती. मी तिला बोट लावून जिभेवर टेकवलं आणि लगेच थुंकलो.

"पंधरा वर्षं जगवलंय हे झाड," त्या शांतपणे म्हणाल्या. "आधी सांगितलं असतं, तर पाइप दुसरीकडे काढता आला असता."

घाण आपल्या मोरीतून गेली की ती संपली, असंच मी धरून चाललो होतो. आता किळस आली ती स्वतःची.

त्याच दुपारी पाइप गटारात वळवून घेतला. कुसुमताईंनी आभार मानले, ते ऐकवेनात. ते गटार पुढे कुठे जातं, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.