काढून दाखव, पुट्टी

रामोजीराव मास्तरांना शंका विचारायची तर ती पाटीवर काढून दाखवावी लागे. त्यांना ऐकू फार कमी येई. समोर बसून ओठ नीट हलवले तर रोजचं बोलणं त्यांना कळायचं, पण ‘संयुजा’ किंवा ‘व्हॅलन्सी’ हे शब्द काही ओठांवर वाचता येत नाहीत. मी बोलायला तोंड उघडलं की ते पाटी पुढे सरकवत. “बोलू नकोस. काढून दाखव, पुट्टी.” पुट्टी म्हणजे कन्नडमध्ये छोटी. मी तेव्हा दहावीत होते, चांगली उंच झाले होते, तरी त्यांच्यासाठी पुट्टीच.

म्हैसूरला सरस्वतीपुरममध्ये त्यांचं घर आमच्या भिंतीला लागून होतं. घरात मराठी आणि फाटकाबाहेर कन्नड, हे दोन्ही घरांचं सारखंच. त्यांची बायको, सरसक्का, गेल्यापासून ते एकटेच राहत. मुलगी उषा लग्न होऊन नागपूरला गेली होती. रसायनशास्त्रात माझे मार्क घसरले तेव्हा आई म्हणाली, “मेष्ट्रांकडं जाऊन बसत जा की गं. तुझं शिकणं होईल, त्यांनाही माणूस दिसेल.” मेष्ट्रे म्हणजे मास्तरच, गल्लीतल्या कन्नड वळणानं.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, मीठ कसं तयार होतं? मी पाठ केलेलं उत्तर पाटीवर लिहिलं : सोडियमला एक इलेक्ट्रॉन नको असतो, क्लोरीनला एक हवा असतो. त्यांनी ते ओल्या फडक्यानं पुसून टाकलं.

“साकु! पुरे! अणूला मन कधी फुटलं? हवं-नको माणसाला असतं.”

मग त्यांनी मोकळ्या हातानं गोल काढले. कंपास न लावता त्यांचे गोल इतके नेटके यायचे की मी बघत राहायची. त्यांवर इलेक्ट्रॉनचे ठिपके : सोडियमचे दोन, आठ आणि बाहेर एक. क्लोरीनचे दोन, आठ, सात. तो एकटा ठिपका त्यांनी बोटानं पुसला आणि सातांच्या शेजारी खडूनं पुन्हा टेकवला.

“हा फुकट सुटत नाही. काढायला जोर लागतो. पण सुटला की एक धन होतो, एक ऋण होतो, दोघं एकमेकांना खेचतात. असे पुष्कळ जण रचून बसले की लावलेला जोर वसूल होऊन वर ऊर्जा उरते. म्हणून बंध होतो. प्रेमानं नव्हे.”

बंध तुटला की ऊर्जा मिळते, असं वर्गात निम्म्या मुलांना वाटायचं. मलाही तसंच वाटे. मास्तर मान हलवत. “उलटं. जुळताना मिळते. तोडायला आपण घालावी लागते.” हे वाक्य ते इतक्यांदा म्हणत की माझ्या आईलाही पाठ झालं होतं.

शाळेत त्यांना आता वर्ग नव्हता. का नव्हता, ते त्यांनी मला स्वतःच सांगितलं, हसत हसत. एका तासाला मुलांनी ठरवून नुसते ओठ हलवले. आवाज कुणीच काढला नाही. मास्तरांनी कानातलं यंत्र काढलं, फुंकर मारली, बॅटरी बदलली, पुन्हा घातलं. तरी शांतता. मग मागच्या बाकावर एक जण हसताना दिसला आणि त्यांच्या लक्षात आलं. पुढे हेडमास्तरांनी त्यांना प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत बसवलं, बाटल्यांना लेबलं लावायला.

“बरं आहे. बाटल्या ओठ हलवत नाहीत,” ते म्हणाले. नंतर हसू ओसरलं. “पण पुट्टी, तेवढा वेळ मला खरंच वाटलं, उरलंसुरलंही गेलं.”

मी पाटी घेऊन पाण्याचा रेणू काढत बसले. त्यांनी त्यातली चूक दाखवली.

मी बी.एस्सी.ला गेले. तिथे प्राध्यापकांनी सांगितलं की इलेक्ट्रॉन गोल रस्त्यानं फिरतच नाहीत. त्यांचे नुसते ढग असतात, सापडण्याच्या शक्यतेचे. घरी आले ती तडक मास्तरांकडे. ढग काढून दाखवला. त्यांना वाईट वाटेल, अशी भीती होती.

“मला ठाऊक आहे,” ते म्हणाले. “पण तुला पहिल्या दिवशी ढग दाखवला असता तर तू बोट कुठं ठेवलं असतंस? गोल खोटे, गं. मोजणी खरी.” मग म्हणाले, “नवीन काही शिकलीस की येऊन सांगत जा. मला आता कोण सांगणार?”

मी जमेल तशी जात राहिले. ते निवृत्त झाले, मग पडले, पायाचं हाड मोडलं. उषाक्का त्यांना न्यायला आली. निघायच्या सकाळी सगळी गल्ली त्यांच्या पुढच्या खोलीत जमली होती. कॉफी फिरत होती. माणसं मोठमोठ्यानं बोलत होती, हसत होती, आणि मधोमध खुर्चीवर मास्तर प्रत्येकाच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होते. त्यांनी उषाक्काची बाही ओढली.

“काय म्हणतायत गं?”

“काही नाही, अप्पा.”

ते माझ्याकडे वळले. “ऐकू येईनासं झाल्यापासून सगळ्यात जास्त हेच सांगितलं मला लोकांनी. काही नाही.”

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि चाललेलं सगळं एकेक करून सांगू लागले. कोपऱ्यावरच्या अक्कांची सून माहेरी गेलीय. दूधवाला आता वरुणा गावाहून म्हशीचं दूध आणतो, पण पातळच. समोरच्यांच्या मुलाला बेंगळूरला नोकरी लागली. मास्तर ओठांवरची नजर न काढता ऐकत होते, मध्येच विचारत होते, “मुलगा कुठला? चष्मेवाला? त्याला काय शिकवलं होतं मी?” गाडी येईपर्यंत आमचं तेच चाललं होतं.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी ते नागपुरातच वारले. उषाक्काचा फोन आला तेव्हा आई स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

मला मात्र ते गेलेले आठवतात ते त्या सकाळचे. गाडी सुरू झाली तसे आम्ही सगळे फाटकापर्यंत धावलो. “बरं होऊन या मेष्ट्रे!” “होगी बन्नी, जाऊन या!” “पुट्टीला विसरू नका!” कितीतरी जणांनी पाठीमागून हाका मारल्या. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ते समोर बघत बसले होते.