आखाड्यावरचं तेल

साडी कातड्याला चिकटली होती आणि नर्स ती कात्रीने तुकड्यातुकड्याने सोडवत होती. खाटेवरची बाई ओरडत नव्हती. फार भाजलेला माणूस ओरडत नाही. शेजारच्या खाटेवर तिची धाकटी जाऊ होती. ती ओरडत होती, म्हणजे ती कमी भाजली होती. थोरलीचा नवरा माझ्या मागे उभा राहून एकच सांगत होता, "स्टोव्ह भडकला मॅडम. स्टोव्हच लिहा."

नोकरीतलं बरंच काही विसरले. हे विसरता आलं नाही.

नव्वदनंतरची गोष्ट. मी मंठ्याकडच्या एका ठाण्यात हवालदार होते. शिक्षण सातवी. भाजलेली बाई आली की तिच्याजवळ बाई पोलीस बसवायची, म्हणून मला जालन्याच्या दवाखान्यात पाठवलं. त्या दिवशी खंडेनवमी होती. ठाण्यात रायफली पुसून टेबलावर मांडल्या होत्या, फुलं वाहायची तेवढी राहिली होती.

"स्टोव्ह भडकला" हे वाक्य जळालेल्या बाईचा नवरा वाटेतच पाठ करून येतो. पण हिच्या पदराला रॉकेलचा वास नव्हता. इंजेक्शनच्या आधी दंडाला स्पिरिट लावतात, तसा वास होता. नखांत काळपट हिरवा डिंक बसला होता. नर्सने साबण चोळला तरी तो हलला नाही.

त्यांच्या गावचे पोलीस पाटील दोघींना आणणाऱ्या जीपमधून आले होते. त्यांनी मला नळाजवळ बोलावलं.

"बाई, माझं नाव घेऊ नका. त्यांच्या घरात स्टोव्ह कवाच नव्हता, समदा सैपाक चुलीवर. आन् आग घरात न्हाई, आखाड्यावर लागली. जालन्याचा एक औषधवाला तिथं तेल काढून राह्यला श्रावणापासून."

शेतातल्या घराला आमच्याकडे आखाडा म्हणतात. मी नवऱ्याला व्हरांड्यात घेतलं.

"स्टोव्ह वातीचा का पंपाचा?"

"पंपाचा."

"पिन कुठं ठेवता?"

"कसली पिन?"

"भोक बुजलं तर कशानं काढता?"

"बायकांचं काम हाय ते."

"पेटला तेव्हा तू कुठं होतास?"

"तिथंच व्हतो ना, बराबर शेजारी."

"मग तुझी मिशी कशी शाबूत?"

त्याने मिशीला हात लावला आणि खाली बसला. मग सगळं बाहेर आलं.

फौजदार साहेबांबरोबर मी आखाड्यावर गेले. भोवती अंबाडी उभी होती. पंच म्हणाले, "अंबाडीच हाय साहेब, दोरासाठी लावतेत." बाहेरच्या ओळी अंबाडीच्याच होत्या. मी आत शिरून एक पान तोडलं आणि चावलं. अंबाडीचं पान आंबट लागतं. हे आंबट नव्हतं.

साहेब ओरडले, "बाई, पुरावा खाऊ नका!"

ती गांजाची झाडं होती. दुरून पान सारखंच दिसतं.

शेडचे पत्रे उडून तुरीत पडले होते. वास बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्यांना पोती ठोकलेली. ड्रममध्ये पाला आणि बोंडं स्पिरिटमध्ये भिजत होती. तो काढा धोतराच्या फडक्यातून पिळायचा, मोठ्या भगुण्यात ओतायचा आणि विजेच्या शेगडीवर हलका तापवायचा. स्पिरिट उडून जातं, तळाला काळं तेल उरतं. सांधेदुखीवरचं, फेफऱ्याच्या झटक्यावरचं औषध म्हणून ते बाहेर जाई. दोघी जावा सबंध दिवस त्या बंद खोलीत पिळत बसत. त्यांना हा औषधी पाला आहे एवढंच सांगितलेलं. आम्ही पंचनामा केला, तेलाचे नमुने लाखेने सील केले आणि परत दवाखाना गाठला.

धाकटी तोवर बोलायला लागली होती. "आक्का म्हन्ली, आज समद्यांची अवजारं पुजली, आपलं भगुणंच का उपाशी ठेवायचं? हळदीकुंकू वाहिलं. कापूर लावला."

एवढंच झालं होतं.

थोरलीजवळ नवरा वाकून कुजबुजत होता, "पोरींचा इचार कर. जमीन जाईल. स्टोव्हच सांग." मी त्याला बाहेर घालवलं. तिने मला विचारलं, "मी मरतेच का, बाई?"

मी हो म्हणाले.

"मंग लिहा."

डॉक्टरांनी ती शुद्धीवर असल्याचं लिहून दिलं. नायब तहसीलदारांनी जबाब घेतला. तिने औषधवाल्याचं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं आणि हेही सांगितलं: "इथं विस्तव आणू नका, औषध बाटतं, असं ते औषधवाले म्हणायचे. पर देवाच्या कापरानं कशाला बाटल?"

औषधवाल्याला नवीन जालना भागात उचललं. ठाण्यात तो शांतपणे चहा प्यायला. मी विचारलं, "त्या खोलीतला वाससुद्धा पेट घेतो, हे त्यांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर आल्या असत्या का कामाला?"

पोलिसासमोर बोललेलं कोर्टात चालत नाही, हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं.

कोर्टात त्याच्या वकिलाने थोरलीचा जबाबच मोठ्याने वाचला. मग म्हणाला, माझ्या अशिलाने विस्तवाला मनाई केली होती, बाईने ऐकलं नाही. आखाडा त्याचा नाही, झाडं त्याची नाहीत, जागेवर तो सापडला नाही. तो सुटला. शेत नवऱ्याच्या नावावर होतं, म्हणून नवरा आत गेला. त्याबद्दल मला वाईट वाटलं नाही. मरणाऱ्या बाईने एकही शब्द खोटा सांगितला नाही आणि तिचाच एक खरा शब्द त्या माणसाच्या कामी आला, याचं वाटलं.

त्यानंतर जबाब घेताना मी एक प्रश्न नेहमी वाढवला: तुला काय सांगितलं होतं ते कळलं, पण काय सांगितलं नव्हतं? कायद्यात त्या प्रश्नाला रकाना नाही. साहेब लोक तो खोडत, मी परत लिहीत असे. एवढ्याने कोणाला शिक्षा झाली नाही.

थोरली दसऱ्याच्या सकाळी गेली. धाकटी जगली.