पाचशे वर्षांपूर्वीचा डॉक्टर आणि मी

एकाच माणसावर चार वर्षं पीएचडी करा, किस्से आपोआप साचतात. रिसर्च तेवढा साचत नाही!

माझा माणूस पाचशे वर्षांपूर्वीचा जर्मन डॉक्टर. औषधं द्यायचा, तत्त्वज्ञान शिकवायचा आणि ‘माणूस म्हणजे नक्की काय’ यावर अख्खं पुस्तक लिहून गेला. कोविडमध्ये वाखनिंगन या डच गावातल्या फ्लॅटवर आम्ही तिघं राहायचो: मी, बटाट्यांवर रिसर्च करणारी रेणुका आणि हा.

* * *

घसा धरला म्हणून मी हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरकडे, फोन केला. रिसेप्शनिस्टने कामधंदा विचारला. माझ्या तोडक्यामोडक्या डचमध्ये ‘डॉक्टरवर काम करते’चं ‘डॉक्टर म्हणून काम करते’ झालं.

“स्पेशालिटी?” तिने अदबीने विचारलं.

“माणूस!”

“मग पॅरासिटामॉल माहीत असेलच. तीच घ्या.”

* * *

“डॉक्टर म्हणतो, माणूस म्हणजे एक छोटं विश्वच,” मी सोफ्यावर पडल्या पडल्या सांगितलं.

रेणुका सिंकपाशी उभी होती. “त्या विश्वात आज भांडी घासायचा नंबर कुणाचा आहे?”

* * *

आइंडहोवनला राहणाऱ्या माझ्या मित्राला, प्रसादला, कोविड होऊन गेला आणि तो गोष्टी विसरायला लागला. मी डॉक्टरच्या पुस्तकातलं ज्ञान पाजळलं, “स्मरणशक्ती डोक्याच्या मागच्या भागात असते.” बिचाऱ्याने आठवडाभर फक्त मागेच खोबरेल तेल चोळलं.

व्हिडिओ कॉलवर विचारलं, “काही आठवलं?”

“हो. तू डॉक्टर नाहीयेस!”

* * *

माझ्या डॉक्टरच्या शहरात प्लेग आला, तेव्हा तो शहर सोडून गेला. त्यावर मी एक कडक चॅप्टर लिहिलं: ज्याने जन्मभर माणसाचा अभ्यास केला, त्यानेच ऐन वेळी माणसांकडे पाठ फिरवली! रेणुकाला मोठ्याने वाचून दाखवलं.

“भारी,” ती म्हणाली आणि खोकली.

दुसऱ्या दिवशी तिची टेस्ट पॉझिटिव्ह, माझी निगेटिव्ह. वीस मिनिटांत मी बॅग भरली. कापेल गावात मामेबहिणीचा फ्लॅट रिकामा होता, ती पुण्यात अडकलेली. तिथे जाऊन दार लावलं आणि मग स्वतःची लाज वाटायला लागली. रेणुकाला फोन करायचं धाडसच होईना.

तिसऱ्या दिवशी तिचाच आला. ताप उतरला होता, आवाज खणखणीत.

“रेणू, सॉरी गं, मी खरंच...”

“ते राहू दे. तुझा डॉक्टर पळताना स्वतःची पुस्तकं घेऊन गेला असेल. तू माझा कुकर घेऊन गेलीस. वरणासकट!”